सगळ्या वीज केंद्रांना एफजीडी नको, तर मग कोणाला हवे? २०२५ च्या सवलतीचा अर्थशास्त्रीय हिशेब

इरईकाठ (प्रश्न)

पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालयाने ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेद्वारे देशातील बहुतांश औष्णिक वीज केंद्रांना धुरातील सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारे संयंत्र, म्हणजे एफजीडी, बसवण्याच्या बंधनातून मुक्त केले. मूळ मानके ७ डिसेंबर २०१५ रोजी जाहीर झाली होती आणि त्यांच्या पालनासाठी दोन वर्षांची मुदत होती. ती मुदत एकामागून एक अधिसूचनांनी पुढे ढकलली जात राहिली आणि अखेरीस तीन-चतुर्थांशाहून अधिक केंद्रांपुरती गंधकाची अटच काढून टाकण्यात आली.

आताची व्यवस्था अशी आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र किंवा दहा लाखांहून अधिक लोकसंख्येचे शहर यांच्यापासून १० किलोमीटरच्या आत असलेली केंद्रे 'अ' वर्गात येतात आणि त्यांना डिसेंबर २०२७ अखेरपर्यंत संयंत्र बसवावे लागेल. अतिप्रदूषित क्षेत्रे किंवा हवेची मानके न पाळणारी शहरे यांच्यापासून तेवढ्याच अंतरावरची केंद्रे 'ब' वर्गात असून त्यांचा निर्णय तज्ज्ञ समिती प्रत्येक केंद्र स्वतंत्रपणे तपासून घेणार आहे. उरलेली सर्व केंद्रे 'क' वर्गात आहेत. धुरांड्याच्या उंचीची अट पूर्ण केली की त्यांना गंधकाच्या मानकातून सूट मिळते.

मी चंद्रपूरला राहतो. आमचे शहर २००९ पासून अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आहे, त्यामुळे येथील केंद्र निकषानुसार 'ब' वर्गात येते आणि त्याचे पुढे काय होणार याची इथे साहजिकच चर्चा आहे. या चर्चेत अर्थशास्त्र शिकलेल्या काही परिचितांचे म्हणणे असे पडले की सरकारने खर्च आणि लाभ यांचा विचार करूनच सवलत दिली असून भावनेच्या भरात तिला विरोध करणे योग्य नाही. मला या विषयाची रीतसर माहिती नाही, परंतु तीन शंका आहेत. माणसाच्या आयुष्याची किंमत रुपयांत मांडल्याशिवाय असा हिशेब करता येतो का, आणि ती कशी मांडतात? हिशेब खरोखर केला तर उत्तर सवलतीच्या बाजूने येते की विरोधात? आणि १० किलोमीटर या अंतराला अर्थशास्त्रात काही आधार आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ताळेबंद

आपल्या परिचितांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सर्व केंद्रांना सरसकट एकच सक्ती करणे ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने क्वचितच उत्तम धोरण असते, हे खरे. परंतु त्यावरून आता दिलेली सवलत हिशेबाने दिलेली आहे असे सिद्ध होत नाही, आणि माझ्या मते ती तशी नाही.

आधी खर्चाचा अंदाज घेऊ. पुढील आकडे समजण्यापुरते गोल केलेले आहेत. एफजीडीचा भांडवली खर्च मेगावॉटमागे एक कोटी रुपये धरला, तर ५०० मेगावॉटच्या एका संचासाठी (केंद्रातील बॉयलर आणि जनित्र यांच्या एका जोडीसाठी) ५०० कोटी रुपये लागतील. हा खर्च वीस-पंचवीस वर्षांत दहा टक्के व्याजाने फेडायचा तर वर्षाला ५५ ते ६० कोटींचा हप्ता बसतो. चुनखडी, देखभाल आणि संयंत्र स्वतः खाते ती वीज यांचे ३० कोटी त्यात मिळवले की वर्षाचा खर्च सुमारे ९० कोटी होतो. संच ७० टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला साधारण ३०६ कोटी युनिट वीज निर्माण होते, म्हणजे युनिटमागे २९ पैसे पडतात. वीजदरात २५ ते ३० पैशांची वाढ होईल असे जे सांगितले जात होते, त्याच्याशी हे जुळते. खर्चाची बाजू फुगवून सांगितली गेली आहे, असा आरोप मी त्यामुळे करणार नाही.

आता लाभाकडे वळू. येथे आपली पहिली शंका येते. अर्थशास्त्रज्ञ एखाद्या विशिष्ट माणसाच्या जिवाला किंमत लावत नाहीत. लाखो लोकांच्या मृत्यूच्या शक्यतेत जी अगदी थोडी घट होते, तिच्यासाठी लोक किती मोजायला तयार आहेत हे ते पाहतात. धोक्याच्या कामाला जास्त मजुरी मिळते. दोन सारख्या कामांपैकी एकात अपघाती मृत्यूची शक्यता दर वर्षी दहा हजारांत एकाने अधिक असेल आणि त्यासाठी कामगाराला वर्षाला दहा हजार रुपये जास्त मिळत असतील, तर दहा हजार कामगारांमध्ये मिळून एका जिवामागे दहा कोटी रुपये मोजले गेले असा त्याचा अर्थ लावतात. याला सांख्यिकीय आयुष्याचे मूल्य म्हणतात. भारतात मद्रासच्या कारखान्यांतील आणि पुढे चेन्नई-मुंबईच्या कामगारांच्या मजुरीवरून असे अंदाज काढले गेले आहेत. अमेरिकेची पर्यावरण संस्था २००६ च्या डॉलरमध्ये ७४ लाख डॉलर हे मूल्य वापरत आली आहे. गरीब देशात हा आकडा लहान येतो, कारण तेथे मजुरीच कमी असते. या पद्धतीचा सर्वांत बोचणारा भाग हाच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

तरीही आकडा न लिहिण्याने प्रश्न सुटत नाही. अधिसूचनेत मृत्यूंना किंमत लिहिलेली नसते तेव्हा हिशेबात ती शून्य धरली जाते. किंमत लावण्याला नैतिक आक्षेप घेणारे सज्जन या शून्याकडे सहसा पाहत नाहीत.

आकड्याविषयी मतभेद असतील तर हिशेब उलट्या बाजूने मांडता येतो. वर्षाचा खर्च ९० कोटी आहे. एका सांख्यिकीय आयुष्याचे मूल्य अगदी कंजूषपणे दीड कोटी रुपये धरले, तर या संचाच्या संयंत्राने वर्षाला ६० मृत्यू टळले की खर्च भरून निघतो. तीन कोटी धरले तर ३० मृत्यू पुरतात. म्हणजे जिवाची नेमकी किंमत किती, हा वाद बाजूला ठेवून 'या ठिकाणी ३० ते ६० मृत्यू टळतील का' एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर संचाच्या वाऱ्याच्या दिशेला किती लोक राहतात यावर जवळजवळ संपूर्णपणे अवलंबून आहे.

हे केवळ माझे अनुमान नाही. मॉरीन क्रॉपर, सरथ गुट्टीकुंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५०० मेगावॉटचा एक नमुना संच भारतातील आठ ठिकाणी उभा आहे असे कल्पून प्रत्येक ठिकाणी एफजीडीचा खर्च आणि टळणारे मृत्यू यांची तुलना केली होती. संयंत्र तेच, तरी निव्वळ लाभ ठिकाणागणिक फार वेगळे आले, आणि ते सर्वाधिक आले उत्तरेच्या दाट वस्तीच्या, देशातील अत्यंत गरीब राज्यांमध्ये गणल्या जाणाऱ्या भागांत.

यातून आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर मिळते. धुरांड्यातून निघालेला सल्फर डायऑक्साइड वायूच्या रूपात आसपास साचून राहिला असता, तर १० किलोमीटरच्या अंतराला काही अर्थ होता. प्रत्यक्षात तो काही तासांपासून काही दिवसांत हवेतील अमोनियाशी संयोग पावून अमोनियम सल्फेटचे सूक्ष्म कण तयार करतो, आणि हे कण शेकडो किलोमीटर जातात. रसायनशास्त्राच्या साध्या गणिताने ६४ टन सल्फर डायऑक्साइडपासून १३२ टन अमोनियम सल्फेट होऊ शकते. फुप्फुसात खोल जाणाऱ्या पीएम २.५ मध्ये मोजले जातात ते हेच कण. म्हणून बिहारच्या एखाद्या खेड्यालगतचे 'क' वर्गातील केंद्र, ज्याच्या दोनशे किलोमीटरच्या परिघात काही कोटी लोक राहतात, ते शहरालगतच्या परंतु वारा समुद्राकडे नेणाऱ्या केंद्रापेक्षा कितीतरी अधिक हानी करू शकते. वर्गवारी करण्याची कल्पना अर्थशास्त्राची आहे, पण तिच्यासाठी वापरलेली मोजपट्टी अर्थशास्त्राचीही नाही आणि वातावरणशास्त्राचीही नाही.

संच क्रमांक तीन

मी औष्णिक केंद्रांत अनेक वर्षे काम केले आहे, आता निवृत्त आहे. 'ताळेबंद' यांचा हिशेब मला मान्य आहे, मात्र कागदावरचे संयंत्र आणि जागेवरचे संयंत्र यांत फरक असतो, तो येथे नोंदवणे गरजेचे वाटते.

नेहमीच्या ओल्या पद्धतीत धूर चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्याने धुतला जातो, गंधक त्यात उतरते आणि शेवटी जिप्सम हाती येते. ते सिमेंट कारखान्याने उचलले तर ठीक, नाही तर राखेच्या बंधाऱ्याशेजारी आणखी एक ढीग उभा राहतो. जुन्या केंद्रांत बॉयलर, इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर (धुरातील राख विजेच्या साहाय्याने पकडणारे यंत्र) आणि धुरांडे यांच्यामध्ये मोकळी जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे तेथे नवे पंखे, नवी धूरवाहिनी आणि कित्येकदा नवे धुरांडे लागते, आणि जोडणीसाठी संच काही काळ बंद ठेवावा लागतो. मेगावॉटमागे एक कोटी ही सरासरी झाली. दहा-बारा वर्षांत निवृत्त होणार असलेल्या २१० मेगावॉटच्या संचावर हा खर्च पंचवीस वर्षांत विभागता येत नाही, म्हणून तेथे युनिटमागे पडणारे पैसे बरेच वाढतात. अशा संचांना सूट देण्याला माझा पाठिंबा आहे. पण त्यांच्या निवृत्तीची तारीख कागदावर पक्की असली पाहिजे, कारण आपल्याकडे संचांना मुदतवाढ मिळत राहते हे मी स्वतः पाहिले आहे.

सवलतीच्या समर्थनार्थ दिलेल्या तीन कारणांविषयी थोडे लिहितो. पहिले कारण असे की भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली असते. हे खरे आहे, पण आपल्या कोळशात राख भरपूर आणि उष्मांक कमी असल्यामुळे एका युनिटसाठी तो अधिक जाळावा लागतो. 'ताळेबंद' यांच्याच ५०० मेगावॉटच्या संचाला वर्षाला वीस लाख टनांहून अधिक कोळसा लागेल, आणि त्यात गंधक ०.४ टक्के धरले तरी सुमारे १६ हजार टन सल्फर डायऑक्साइड निघेल. गंधकाची टक्केवारी लहान असली तरी टनांचा आकडा लहान राहत नाही.

दुसरे कारण उंच धुरांड्यांचे आहे. मोठ्या संचांची धुरांडी २२० मीटर किंवा त्याहून उंच असतात आणि त्यामुळे जमिनीलगतच्या हवेत सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण मानकाच्या आत राहते. वर्षाच्या सरासरीचे आपले मानक घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे आणि बहुतेक शहरे ते सहज पाळतात. परंतु उंच धुरांडे गंधक नाहीसे करत नाही, ते लांब पाठवते. जवळच्या मोजणीयंत्रावर आकडा उतरतो आणि दूरच्या जिल्ह्यातील पीएम २.५ च्या आकड्यात तो सल्फेट होऊन मिसळतो, तेव्हा त्यावर कोणत्याही केंद्राचे नाव लिहिलेले नसते.

तिसरे कारण एफजीडीमुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो हे. चुनखडीतून एक टन सल्फर डायऑक्साइडमागे सुमारे ०.७ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे या संचात वर्षाला दहा-अकरा हजार टन. तोच संच कोळसा जाळून वर्षाला पंचवीस-तीस लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. संयंत्राला लागणारी एक-दीड टक्का वीज धरूनही वाढ एकूण दोन टक्क्यांच्या आत राहते. हे कारण पुढे करणाऱ्यांनी ही दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

मात्र माझा एक वेगळा आक्षेप आहे आणि तो मला या तिन्हींपेक्षा महत्त्वाचा वाटतो. समजा एकाच केंद्राकडे खर्च करायला मर्यादित पैसा आहे. प्रेसिपिटेटरची क्षेत्रे वाढवून आणि नीट चालवून राखेचे कण कमी करणे हे एफजीडीच्या मानाने खूप स्वस्त काम आहे. घराघरांतील चुलींचा धूर हा तर देशातील सूक्ष्म कणांचा फार मोठा स्रोत आहे. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून जोडण्या मिळाल्या, पण सिलिंडर पुन्हा भरून घेण्याइतके पैसे अनेक घरांत नसतात. या ९० कोटींत दर वर्षी किती सिलिंडर भरता येतील आणि त्यातून किती जीव वाचतील, हा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी आधी करायला नको का?

चिकूवाडी

'संच क्रमांक तीन' यांनी लाभ मोजताना फक्त मृत्यूच धरले, तसेच 'ताळेबंद' यांनीही. डहाणूचा अनुभव या चर्चेत यायला हवा, कारण महाराष्ट्रात एफजीडीचा लढा इथे २०१५ च्या किती तरी आधी लढला गेला.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये येथील ५०० मेगावॉटच्या केंद्राला एफजीडी बसवण्याचा आदेश दिला आणि अनेक वर्षांच्या न्यायालयीन लढाईनंतर २००७ मध्ये संयंत्र सुरू झाले. ते समुद्राच्या पाण्यावर चालते. त्या संपूर्ण काळात इथल्या बागायतदारांचा मुख्य मुद्दा चिकूचा होता. फुलोरा गळतो, फळ लहान राहते, पानांवर थर बसतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. खर्च-लाभाच्या हिशेबात हे नुकसान कुठे येते?

दुसरे असे की मजुरीवरून काढलेले आयुष्याचे मूल्य वारली मजुराच्या बाबतीत किती निघेल? त्याला धोक्याचे काम नाकारण्याची सोयच नसते. आमचे संयंत्र बसले ते प्राधिकरणाने लोकांचा हक्क मानला म्हणून. लाभ खर्चापेक्षा किती जास्त आहे हे आधी सिद्ध करा, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर ते आजही बसले नसते.

ताळेबंद

दोघांनीही नेमक्या जागी बोट ठेवले आहे.

'संच क्रमांक तीन' यांनी मांडले आहे त्याला आमच्या शास्त्रात संधी-खर्च म्हणतात आणि तो विचारायलाच हवा. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. एफजीडी बसवले नाही म्हणून वाचलेले ९० कोटी गॅस सिलिंडरकडे जाणार आहेत, अशी तरतूद कोणत्याही अधिसूचनेत नाही. ते वीज ग्राहकांच्या बिलात, वितरण कंपन्यांच्या तोट्यात आणि उत्पादकांच्या ताळेबंदात विखुरले जातील. काल्डोर आणि हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मांडलेल्या कसोटीनुसार एखाद्या निर्णयातून ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांची भरपाई करू शकतील एवढा फायदा असला तरी पुरे, भरपाई प्रत्यक्ष द्यावीच लागते असे नाही. या 'करू शकतील' मध्येच सगळी गोम आहे. स्वस्त विजेचा लाभ मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित घराला मिळतो आणि सल्फेट विदर्भातल्या किंवा बिहारमधल्या अशा माणसाच्या छातीत जाते ज्याचे महिन्याचे बिल शंभर युनिटसुद्धा होत नाही. बेरीज कोणत्याही बाजूला झुकली तरी ही वाटणी तिच्यात दिसत नाही, म्हणून ती शेजारी वेगळी मांडणे हे प्रामाणिक हिशेबाचे काम आहे. 'चिकूवाडी' यांचा मजुरीविषयीचा आक्षेपही याच जातीचा आहे. त्यावरचा एक उपाय असा की देशात सर्वांसाठी एकच मूल्य वापरायचे, कामगार कोणत्या मजुरीवर राबतो हे पाहायचे नाही. अमेरिकेतही सर्व नागरिकांसाठी एकच आकडा वापरतात.

पिकांचे, इमारतींचे आणि दृश्यमानतेचे नुकसान मोजता येते आणि मोजले गेलेही आहे. अनुभव असा की आरोग्याचा आकडा त्या सर्वांवर मात करतो. अमेरिकेने १९९० मध्ये आम्लवर्षेविरुद्ध कायदा केला तो प्रामुख्याने ईशान्येकडील तळी आणि जंगले वाचवण्यासाठी. पुढे २००५ मध्ये झालेल्या एका मूल्यमापनात २०१० सालासाठी वार्षिक खर्च सुमारे ३ अब्ज डॉलर आणि लाभ सुमारे १२२ अब्ज डॉलर असा अंदाज निघाला. त्या लाभाचा फार मोठा भाग सूक्ष्म कण कमी झाल्याने टळलेल्या मृत्यूंचा होता, आणि कायदा करताना याचा विचार फारच थोडा झाला होता.

त्या कायद्याची रचना आपल्या विषयाशी अधिक जवळची आहे. तेथे प्रत्येक केंद्राला संयंत्र बसवा असे सांगितले नाही. एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालून प्रत्येक टनाचा परवाना ठरवला आणि परवाने विकता-घेता येतील अशी सोय केली. ज्याला स्वस्तात कमी करणे शक्य होते त्याने अधिक कमी केले. अनेकांनी धुलाई संयंत्र न बसवता वायोमिंगचा कमी गंधकाचा कोळसा आणला, जो १९८० नंतर रेल्वेवरचे निर्बंध उठल्याने स्वस्तात पोहोचू लागला होता. १९९० च्या दशकात टनाचा भाव बहुतेक काळ १०० ते २०० डॉलरच्या आसपास राहिला, आधीच्या भाकितांपेक्षा पुष्कळच कमी. त्या बाजाराचा दोषही नोंदवतो. न्यूयॉर्कच्या वाऱ्यावर सुटणारा टन आणि ओसाड प्रदेशातला टन त्यात सारखेच धरले गेले होते, म्हणजे आपल्या १० किलोमीटरच्या निकषात जी चूक आहे तिचेच हे दुसरे रूप.

भारतात हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांसाठी सुरतचे उदाहरण आहे. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये तेथील कारखान्यांच्या धुरातील कणांसाठी असाच बाजार सुरू केला. त्यातील बरेच कापड कारखाने आहेत. तीनशेहून अधिक कारखान्यांपैकी कोण बाजारात येईल आणि कोण जुन्या नियमाखाली राहील हे सोडत पद्धतीने ठरवले, त्यामुळे तुलना विश्वासार्ह झाली. बाजारातील कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्के कमी झाले आणि प्रदूषण कमी करण्याचा खर्चही घटला. धुरांड्यावर सतत मोजणारी यंत्रे होती आणि परवान्यांपेक्षा अधिक धूर सोडल्यास ठेव जप्त होत होती, म्हणून ते जमले. मोठ्या वीज केंद्रांच्या धुरांड्यांवर अशी यंत्रे आधीपासूनच बंधनकारक आहेत.

आता एफजीडीच्या सक्तीचे काय झाले ते पाहा. २०२१ च्या अधिसूचनेत मुदत चुकवणाऱ्या केंद्रांना दंड ठेवला होता. तो 'अ' वर्गासाठी युनिटमागे जास्तीत जास्त २० पैसे आणि 'क' वर्गासाठी ५ ते १० पैसे होता. संयंत्राचा खर्च २५ ते ३० पैसे असताना कोणता व्यवस्थापक ते बसवेल? पुढच्या वर्षी दंड वाढवला, पण त्याच वेळी मुदतही पुढे नेली, त्यामुळे तो लागू होण्याची वेळच आली नाही. शिवाय दंड विजेच्या युनिटवर होता, गंधकाच्या टनावर नव्हता. ०.३ टक्के गंधकाचा कोळसा जाळणारा आणि ०.६ टक्के जाळणारा, दोघांना सारखाच. वरच्या हिशेबात एक टन सल्फर डायऑक्साइड काढण्याचा खर्च ६० हजार रुपयांच्या आसपास येतो. टनावर आकार (शुल्क) लावला, तो प्रत्येक ठिकाणच्या वाऱ्याखालील लोकसंख्येनुसार कमी-जास्त ठेवला आणि वर्षाकाठी खरोखर वसूल केला, तर कोणाला एफजीडी हवे आणि कोणाला नको हे मंत्रालयाला ठरवावेच लागणार नाही. निवृत्तीला आलेला संच आकार भरेल किंवा लवकर बंद होईल, किनाऱ्यावरचा संच थोडाच आकार भरून सुटेल, आणि गंगेच्या खोऱ्यातील मोठा संच निमूटपणे संयंत्र बसवेल. वसूल झालेला पैसा 'संच क्रमांक तीन' म्हणतात त्या सिलिंडरांवर खर्च करण्याची सोयही त्यातच होते.

'चिकूवाडी' यांच्या शेवटच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. हक्क मानला की हिशेब दुय्यम ठरतो, आणि डहाणूला ते योग्यच झाले असावे. देशभर पाचशेहून अधिक संचांबाबत तसे करता येईल असे मला वाटत नाही.

इरईकाठ

सर्वांचे मनापासून आभार. चंद्रपूरपुरता एक प्रश्न राहतो. तज्ज्ञ समितीपुढे नागरिकांनी काही मागायचे झाल्यास, 'संयंत्र बसवाच' एवढेच म्हणावे की हिशेब मागावा?

संच क्रमांक तीन

हिशेब मागा, आणि तो संचनिहाय मागा. चंद्रपूरची एकूण क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्यात २१० मेगावॉटचे जुने संच आहेत आणि ५०० मेगावॉटचे तुलनेने नवेही. त्यांना एकाच ओळीत बसवले तर जुन्या संचांचा अवाढव्य खर्च दाखवून नव्या संचांनाही सूट मिळवता येते. प्रत्येक संचाची निवृत्तीची तारीख, कोळशातील गंधकाचे प्रत्यक्ष मोजलेले प्रमाण आणि धुरांड्यावरील यंत्राच्या मागील वर्षभराच्या नोंदी, एवढे तरी पटलावर आले पाहिजे. हे सर्व केंद्राकडे असतेच.

ताळेबंद

त्यात एकाची भर घालतो. सल्फेट कुठवर जाते याचे प्रारूप शहराच्या हद्दीपुरते न मांडता किमान दोन-तीनशे किलोमीटरच्या परिघासाठी मांडावे आणि त्यात नागपूर, वर्धा, यवतमाळ, गडचिरोली तसेच सीमेपलीकडचे तेलंगणातील जिल्हे धरावेत, असा आग्रह धरा. समितीने त्यानंतर सूट दिली तरी हरकत नाही, पण किती मृत्यू गृहीत धरून दिली ते निर्णयात लिहिलेले असावे.